डिसेबिलिटी पेन्शनचं बोर्ड पुन्हा लागतं का? आधी कागदावरची मुदत बघा

सध्या आमच्याकडं रिटायर फौजी लोकांच्या व्हॉट्सॲपवर एकच विषय चालू आहे, की डिसेबिलिटी पेन्शनवाल्या, म्हणजे नोकरीमुळं आलेल्या अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्या, सगळ्यांना परत मेडिकल बोर्डापुढं बोलवायलेत अन् अपंगत्वाचे टक्के कमी करून पेन्शन कापणार. अंबाजोगाई, केज, कळंब, सगळीकडून नातेवाइकांचे फोन यायलेत. आमचे मामा तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, तोफांच्या आवाजानं दोन्ही कान गेले, समोर बसून मोठ्यानं बोललं तरच कळतं. त्यांनी तो मेसेज वाचला तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण ज्या माणसानं कान देऊन नोकरी केली त्याला म्हातारपणी असलं टेन्शन कशाला? नियम तर चांगला स्पष्ट आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत संरक्षण मंत्रालयानं पत्र काढलं. त्याच्या आधी दर काही वर्षांनी रिसर्वे बोर्ड, म्हणजे टक्क्यांची परत तपासणी, लागायचं, त्यात टक्के कमी झाले की पैसे कमी अन् २० च्या खाली गेले की बंदच. जुन्या लोकांच्या मनात ती भीती अजून बसलेली आहे, त्यात त्यांची चूक नाही. त्या पत्रानं हे चक्र थांबवलं. अपंगत्व परमनंट आहे असं बोर्डानं ठरवलं असेल तर तो निर्णय फायनल, आयुष्यभरासाठी, स्वतः फौजीनं अर्ज करून रिव्ह्यू मागितला तरच परत तपासणी. अन् अपंगत्व परमनंट नसेल, म्हणजे बरं व्हायची आशा असेल, तर ठरलेल्या मुदतीत एकदाच रिसर्वे होणार अन् त्यात जे टक्के येतील ते आयुष्यभरासाठी. एकदाच. दर दोन वर्षांनी वगैरे काही नाही.

म्हणून मेसेज वाचत बसण्यापेक्षा रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे रिटायर होताना झालेल्या तपासणीचा, कागद काढा. मामांचा कागद आम्ही ट्रंकेतून काढला, डिस्चार्ज बुकाच्या मधी घडी घालून ठेवलेला, टायपिंग इतकं फिकट की खिडकीपाशी नेऊन वाचावं लागलं. त्यात शेवटाकडं एक तक्ता असतो, आजाराचं नाव, त्याचे टक्के, सगळे मिळून किती टक्के, अन् त्याच ओळीत मुदत. मामांच्या कागदावर टक्के २० अन् मुदतीच्या जागी ‘लाइफ लाँग’. बस, विषय संपला, त्यांना कुणी आपणहून बोलवत नाही. त्यांना ते दोन शब्द बोट ठेवून दाखवले तेव्हा कुठं जरा शांत झाले. आता हेच पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पण जुळवून बघा, कारण पैसे पीपीओप्रमाणं येतात, बोर्डाच्या कागदाप्रमाणं नाही. पीपीओत डिसेबिलिटी एलिमेंटपुढं, म्हणजे पेन्शनच्या अपंगत्वाच्या भागापुढं, एखादी शेवटची तारीख टाकलेली असेल तर ती तारीख मनात ठेवा अन् काही महिने आधीच रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजीच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, लिहा, तारीख उलटून जाईपर्यंत थांबू नका.

कायमचा आजार असून पण बोर्डानं मुदत टाकलेली असते, शुगरवाल्यांच्या बाबतीत असं झालेलं आहे. कमांडर राकेश पांडे यांच्या केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टानं याच २००१ च्या पत्राचा आधार घेऊन आयुष्यभराची पेन्शन मान्य केली. तुमच्या कागदावर असं काही असेल तर ते निकालपत्र वकिलाला दाखवण्यासारखं आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगते. बरेच जण म्हणतात की दुखणं वाढलंय तर आपणच रिव्ह्यू मागू, टक्के वाढवून घेऊ. थांबा, आधी हिशोब करा. टक्क्यांचं राउंडिंग असतं, ब्रॉड बँडिंग म्हणतात त्याला, ५० च्या खाली असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, अन् ७६ पासून पुढं १००. आधी हे फक्त मेडिकलवर घरी पाठवलेल्यांना द्यायचे, २०१४ च्या डिसेंबरात राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सर्व्हिस पूर्ण करून आलेल्यांना पण लागू केलं. १०० टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे ५० ला १५ टक्के. शेवटचा पगार ४०,००० धरला तर २० टक्केवाल्याला राउंडिंग नसताना २,४०० अन् राउंडिंग झाल्यावर ६,०००, वर महागाई वेगळी. म्हणजे तुमचे ३० चे ४० झाले तरी हातात एक रुपया जास्त येत नाही, अन् बोर्डाला वाटलं सुधारणा आहे अन् १५ दिले तर आहे ते पण जातं. ५० किंवा त्याच्या वर जाईल इतकं खरंच वाढलं असेल, आजाराचे कागद तसं बोलत असतील, तरच मागा. अन् त्याआधी पीपीओत राउंडिंग झालंय का ते बघा, बऱ्याच जणांचा खरा तोटा तिथंच असतो.

अजून एक गोंधळ, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो त्याला काही जण मेडिकल समजतात. तो फक्त माणूस जिवंत आहे याचा दाखला, टक्क्यांशी त्याचा काही संबंध नाही, पण तो नाही दिला तर सगळीच पेन्शन अडकते, म्हणून तो वेळेवर द्याच. अन् १५ वर्षं सर्व्हिस करून आलेल्याची नेहमीची पेन्शन या बोर्डाच्या भानगडीत येतच नाही, प्रश्न फक्त डिसेबिलिटीच्या भागाचा.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना मात्र नवे नियम लागू आहेत, अपंगत्वाच्या पैशाला इम्पेअरमेंट रिलीफ हे नाव पण तेव्हाच आलं, तेव्हा त्या पोरांनी मामांच्या वेळचा हिशोब स्वतःला लावू नये.

खरंच रिसर्वेचं पत्र आलं तर ते रेकॉर्ड ऑफिसकडून आलंय का ते बघा, तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. कुणी एजंट फोनवर टक्के वाढवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर सरळ फोन ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आपल्याकडं अजून सगळे सैनिक बोर्डच म्हणतात, तिथं अर्ज लिहून द्यायला मदत होते. बोर्डाला जाताना पीपीओ, डिस्चार्ज बुक, जुना बोर्डाचा कागद अन् ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) ट्रीटमेंटचे कागद सोबत न्या, सगळ्यांच्या झेरॉक्स घरी ठेवून. अन् अर्ज कुठंही दिला तर दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का अन् तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.