साडेसहा मीटर रुंद होडी पाण्याबाहेर काढताना: पुणे ते मांडवी

आम्ही तीन घरं मिळून लगून ३८० ही एक जुनी शिडाची होडी सांभाळतो. दोघे कोथरूडचे, मी सिंहगड रस्त्यावरची. शिडाची होडी चालवायला तिघंही खडकवासल्याच्या पाण्यावर शिकलो, पण ही कॅटमरान, म्हणजे दोन अंगं जोडून केलेली होडी, गोव्यात मांडवीत असते. पावसाळ्याआधी तिला बाहेर काढून तळ घासायचा, रंगवायचा आणि पाच महिने जमिनीवर ठेवायची, एवढंच काम होतं. पुण्यातून हे करायचा बेत असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी रुंदीचं. ही होडी ११.५५ मीटर लांब, ६.५३ मीटर रुंद. वजन रिकामं सव्वासात टनांच्या आसपास. मार्चमध्ये होड्यांच्या एका यार्डला फोन केला, तर पहिला प्रश्न "वजन किती?" सांगितलं. "अहो, आम्ही याच्या चौपट उचलतो, या बिनधास्त." एप्रिलमध्ये सहज बघायला म्हणून गेलो आणि होडी उचलणाऱ्या लिफ्टच्या दोन पायांमध्ये टेप धरला. पाच मीटरही भरले नाहीत. एका अंगाच्या होडीसाठी ते यंत्र उत्तम असेल, पण आमची त्यात शिरलीच नसती. होडी घेऊन थेट गेलो असतो तर मे महिन्याच्या तोंडावर दुसरी जागा शोधत फिरावं लागलं असतं. म्हणून सांगते, फोनवर रुंदी आधी सांगा, आणि होकार आला तरी टेप घेऊन स्वतः एक चक्कर मारा.

क्रेनचाही विचार केला होता. पण पट्टे दोन्ही अंगांच्या खालून घेऊन वर एका हुकात बांधले की ते दोन्ही अंगं आतल्या बाजूला दाबतात. वर पुरेशा रुंदीची आडवी तुळई लावून पट्टे सरळ खाली सोडणार असतील तरच क्रेनला हो म्हणा.

उत्तर सापडलं ते बार्ज बांधणाऱ्या यार्डात. मांडवी-झुआरीच्या काठी खनिजाच्या बार्जसाठी बांधलेले स्लिपवे, म्हणजे पाण्यात उतरणारे उतार, आहेत. त्यांना साडेसहा मीटर म्हणजे काहीच नाही. याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधली गेली, जिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. त्या पाण्यातून जाताना दर वेळी ऊर भरून येतो.

बार्ज यार्डाची अडचण वेगळी. बार्जचा तळ सपाट, आपल्या होडीला तळाखाली दोन बुटक्या कील, म्हणजे खाली निघालेले कणे. होडी वर ओढायच्या ट्रॉलीवर लाकडं रचायची ती या कीलखाली. सगळा भार कीलवरच घ्यायचा. पुढे-मागे टेकू द्यायचे ते फक्त होडी डुलू नये म्हणून. दोन अंगांना जोडणाऱ्या मधल्या डेकखाली एकही टेकू नको. आणि ट्रॉली उतारावर उभी असते, होडी मात्र पाण्यावर सपाट. तशीच ओढली तर कीलचं पुढचं टोक आधी टेकतं आणि सगळा भार तेवढ्याच जागी येतो. उतार १५ ला १ असेल तर कीलच्या दर मीटरमागे जवळपास ७ सेंटिमीटर फरक पडतो. तेवढी पाचर मागच्या बाजूला वाढवत न्यायची.

या पाचरी आम्ही पुण्यातूनच नेल्या. टिंबर मार्केटमध्ये जुनं सागवान कापून घेतलं, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकला. दोर, ताडपत्री, घासण्या बोहरी आळीतून. हे सामान यार्डाच्या आसपास शोधत बसण्यात आमचा गेल्या वेळी अख्खा दिवस गेला होता. टेम्पो निपाणी-आजरा-आंबोलीवरून नेला. घाटात धुकं विरल्यावरच पोचा, धुक्यात अवजड सामान नको.

आता भरती. आजी पाऊणकी म्हणायची, तीच इथे कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. आम्ही वैशाखातली शुद्ध त्रयोदशी धरली, म्हणजे तेराला पावणेदहा. हा अंदाज मुंबईकडचा. गोव्याच्या बंदरात भरती त्याआधी येते आणि नदीत आत जाईपर्यंत पुन्हा मागे पडते, त्यामुळे पक्की वेळ यार्डाच्या माणसांकडूनच घ्या. पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची तिथी मुद्दाम निवडली. काही अडलं तर दुसऱ्या दिवशी पाणी आणखी चढतं. उधाण ओसरायला लागल्यावर अडकलात तर पुढच्या अमावास्येपर्यंत थांबा.

पाणी किती लागेल तेही मोजा. होडी १.१५ मीटर पाण्यात, ट्रॉली ६० सेंटिमीटर, लाकडं ३०, वर ३० मोकळे. म्हणजे ट्रॉलीच्या जागी २.३५ मीटर.

सकाळी होडी ट्रॉलीवर आणली, चार कोपऱ्यांतून दोर धरले. डावी कील बोटाच्या दीड रुंदीएवढी आधी टेकली. डाव्या बाजूची पाण्याची टाकी रिकामी करायची राहून गेली होती, ३०० लिटर. ताबडतोब पंप लावला. मुकादम मालवणचे, पाण्यात छातीभर उभे राहून हाताने कील चाचपत होते. माझी घालमेल बघून म्हणाले, "घाई करू नकात. उचलूचा काम पाण्याचा, विंच फक्त ओढूक." पंधरा मिनिटांत दोन्ही कील बरोबर बसल्या. मग दोर ओढणारं विंच सुरू झालं आणि होडी इतकी हळू वर आली की हललेली कळायची ती फक्त तळावरून ओघळणाऱ्या पाण्यामुळे.

वर आल्याआल्या प्रेशर वॉशर मारा. शेवाळ ओलं असतानाच निघतं. दुपारच्या उन्हात वाळलं की खरवडत बसावं लागतं. गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदला. इंजिनच्या पाण्यात उतरणाऱ्या पायांवर तांबं मिसळलेला रंग चुकूनही लावू नका, तिथलं अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

पावसाळ्यासाठी शिडं उतरवून पुण्याला आणली. कॉकपिटची भोकं मोकळी आहेत ना ते बादलीभर पाणी ओतून पाहिलं. यार्डाच्या पहारेकऱ्यांना सांगितलंय की दर मोठ्या पावसानंतर एक फोटो पाठवा. नंबर टाकलेल्या पाचरी होडीतच, डाव्या केबिनमध्ये ठेवल्या आहेत. कील कुठे टेकली होती त्याच्या खुणा ट्रॉलीवर रंगाने केल्या. कोजागिरीच्या उधाणासाठी तीच ट्रॉली आत्ताच सांगून ठेवली आहे.