क्षयाची नवमी

मी गेली १४ वर्षं पंचांगाचं गणित करते. आता गणित संगणकच करतो, पण सूर्योदयाच्या आसपास संपणाऱ्या तिथी मी अजूनही हाताने पडताळते. तिथे दोन मिनिटं इकडची तिकडे झाली तर लोकांचा अख्खा दिवस बदलतो. गेल्या आषाढात पुढच्या शकाची प्रुफं टेबलावर पसरलेली असताना एक आजी नातीला घेऊन कार्यालयात आल्या. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून आल्या होत्या.

बसता बसताच म्हणाल्या, "ताई, आमच्या यांची तिथी कुठली, तेवढं सांगा. माझी दोन्ही पोरं एकमेकांशी बोलत नाहीत."

यजमानांना जाऊन १९ वर्षं झाली होती. थोरला मुलगा साताऱ्यात, तो दर वर्षी कार्तिक वद्य अष्टमीला श्राद्ध करतो. धाकटा न्यू जर्सीत. तिथल्या गुरुजींनी मृत्यूची वेळ विचारून तिथी काढली, ती नवमी निघाली. थोरला म्हणाला, इतकी वर्षं मी काय चुकीचं केलं का? धाकट्यानेही काहीतरी उलट उत्तर दिलं. गेल्या कार्तिकापासून दोघांचं बोलणं बंद.

नातीने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात ठेवलेली दोन पानं काढली. एक दवाखान्याचा कागद, त्यावर वेळ होती सायंकाळी ७.४०. दुसरं कॅलेंडरचं पान. आजींनी ते १९ वर्षं जपून ठेवलं होतं. प्रत्येक चौकोनात निळ्या पेनने दुधाचा हिशेब: १, १, १॥, १. आजोबांचं अक्षर. एका तारखेनंतर चौकोन कोरे. त्या शेवटच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत 'अष्टमी' छापलं होतं. पुढच्या चौकोनात 'दशमी'.

अष्टमीनंतर दशमी. माझ्या ते लगेच लक्षात आलं, तरी मी काही बोलले नाही. आधी गणित करायला घेतलं.

तिथी म्हणजे दिवस नव्हे, हे मी लोकांना रोज सांगते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. चंद्राची चाल सारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ असला की भरभर पळतो, लांब असला की रेंगाळतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत आटपते आणि एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. जुने जोशी 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणायचे, म्हणजे ६० घटिकांवर (एक घटिका २४ मिनिटांची) फार तर ५ घटिका वाढायच्या नि ६ कमी व्हायच्या. दृक्‌ गणिताने, म्हणजे ग्रह आकाशात प्रत्यक्ष दिसतात तसे धरून, हाच पल्ला ७ आणि १० घटिकांपर्यंत जातो. आपण मात्र दिवसाला नाव देतो ते सूर्योदयाच्या वेळी चालू असलेल्या तिथीचं. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या नावाचा दिवसच उरत नाही. तोच क्षय.

नात अकरावीत, विज्ञान शाखेला. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्या दिवशीचे पहाटे ५.३० चे स्पष्ट ग्रह, म्हणजे त्यांची नेमकी स्थानं, मी कागदावर मांडले. एक राशी ३० अंशांची, एक अंश ६० कलांचा. रवी ७ राशी १० अंश. चंद्र ४ राशी १४ अंश ५० कला. तिने विचारलं, "यात अयनांश कुठले धरलेत?" मला फार बरं वाटलं. अयनांश म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंश सरकवून धरायचा, तो आकडा. गणिती केरो लक्ष्मण छत्र्यांनी शके १७८७ पासून स्वतःचं पंचांग काढलं तेव्हापासून महाराष्ट्रात पंचांगांची जी भांडणं झाली, त्यांतली कितीतरी अयनांशांवरूनच. नक्षत्राला नि संक्रांतीला अयनांश लागतात. तिथीला त्यांचं सोयरसुतक नाही. चंद्रातून सूर्य वजा केला की अयनांश दोन्हीकडचे सारखेच गळून पडतात.

चंद्राचे अंश कमी पडले, म्हणून त्यांत ३६० मिळवले. वजाबाकी २७४ अंश ५० कला आली. तिला १२ ने भागायचं. २२ तिथी पूर्ण, तेविसावी चालू. पहिल्या १५ शुद्ध पक्षाच्या, म्हणजे ही वद्य अष्टमी. ती संपायला उरल्या ७० कला. त्या दिवशी चंद्राची गती १४ अंश ५५ कला, सूर्याची १ अंश १ कला. फरक ८३४ कला, तासाला पावणेपस्तीस. भागाकार नातीनेच केला. दोन तास एक मिनिट. अष्टमी सकाळी ७.३१ ला संपली. नवमीचे १२ अंश याच चालीने २० तास ४३ मिनिटांत संपतात, म्हणजे पहाटे ४.१४ ला. गती दिवसभर तीच राहते असं धरून आलेलं हे उत्तर कच्चं असतं, म्हणून त्या त्या वेळेचे ग्रह घेऊन मी पुन्हा केलं. मिनिटा-दोन मिनिटांपलीकडे फरक पडला नाही.

साताऱ्याचा सूर्योदय ६.४६ चा. त्या वेळी अष्टमी. दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला दशमी. मधली सगळी नवमी, ५२ घटिकाही नाहीत, आणि तिच्यातच संध्याकाळी ७.४० ला आजोबा गेले.

"पण कॅलेंडरात नवमी कुठेय?" नात म्हणाली. मी प्रुफं तपासायचं भिंग त्या चौकोनावर धरलं. अगदी खालच्या कडेला बारीक टायपात 'नवमी क्षय' असं छापलेलं होतं. त्याच्यावरच आजोबांनी त्या सकाळचं दूध लिहिलं होतं, १॥. शाई अक्षरांवरून गेली होती.

आजींनी भिंग हातात घेतलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे १९ वर्षं ते उपाशी राहिले का हो?"

याचं उत्तर गणितात नाही. मी आतून आमच्या शास्त्रीबुवांना बोलावलं. धर्मशास्त्राचे निर्णय तेच पाहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आजी, भाद्रपदात पक्ष कधी करता?"

"सर्वपित्रीला. धाकट्याला रजा मिळायची नाही, म्हणून पहिल्यापासून सर्वपित्रीलाच."

"मग कुणी उपाशी राहिलेलं नाही. ज्यांची तिथी ठाऊक नाही, चुकली, राहून गेली, त्या सगळ्यांचं त्या अमावास्येला होतं. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल तर त्या महिन्याची अमावास्या किंवा वद्य एकादशी धरावी, असंही शास्त्रात सांगितलंय. शास्त्रानेच वाट ठेवलीय ना. आता कळलंय, तर इथून पुढे नवमी धरा."

आजींनी पदर डोळ्यांना लावला. मी पाणी दिलं.

दोन्ही मुलांचं प्रकरण अजून राहिलंच होतं. आता नवमी ठरली, तर नवमी नेमकी कुठल्या वारी हा पुढचा वाद होणार, हे मला दिसत होतं. सांवत्सरिक, म्हणजे दर वर्षीच्या, श्राद्धाला अपराह्णाची तिथी धरतात. दिवसाचे पाच भाग करायचे, त्यांतला चौथा अपराह्ण. या वर्षी कार्तिक वद्य नवमी गुरुवारी संध्याकाळी ५.१० ला लागणार होती आणि शुक्रवारी ५.४० ला संपणार होती. साताऱ्यात अपराह्ण साधारण दीड ते पावणेचार. गुरुवारी त्या वेळी अष्टमीच, म्हणून इथे श्राद्ध शुक्रवारी. न्यू जर्सी तेव्हा साडेदहा तास मागे. तिथे नवमी गुरुवारी सकाळी ६.४० ते शुक्रवारी ७.१०. तिकडे हिवाळ्याचा दिवस लहान, अपराह्ण पावणेएक ते अडीच. शुक्रवारी तोवर दशमी लागलेली. म्हणून तिथे गुरुवारी.

"म्हणजे दोघं वेगळ्या दिवशी करणार, आणि दोघांचंही बरोबर?" आजींनी मला हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हणाले. चंद्र-सूर्यातलं अंतर सगळ्या जगाला एकाच क्षणी १२ अंश होतं. सूर्य मात्र गावागावाला आपापल्या वेळी उगवतो. परदेशातून असे फोन आम्हाला नेहमी येतात. पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरावरून तिकडे श्राद्ध किंवा चतुर्थी ठरवू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

मी हे सगळं दोन कागदांवर लिहून दिलं, दोन्ही मुलांना एकेक. वर मृत्यूची तिथी, खाली दोन्ही गावांचा अपराह्ण. कॅलेंडरचं पान आजींनी माझ्या हातून घेतलं आणि जुन्याच घड्यांवर दुमडून परत प्लास्टिकमध्ये ठेवलं.

त्या गेल्यावर मी प्रुफांकडे वळले. चांद्रवर्षाच्या साधारण ३५४ दिवसांत ३६० तिथी बसवायच्या असतात, म्हणून क्षय तिथी दोन सूर्योदय गाठणाऱ्या वृद्धी तिथींपेक्षा पाच-सहा जास्तच येतात. आमच्या पंचांगात क्षय तिथीची फक्त समाप्ती छापत होते, तीही बारीक टायपात. मी प्रत्येक क्षय तिथीपुढे लाल पेनने आरंभाची वेळ लिहिली, ओळ ठळक करायची खूण केली आणि संपादकांकडे गेले. ते म्हणाले, रकान्यात जागा नाही. मी त्यांना आजींचा चौकोन सांगितला. त्यांनी प्रूफ ओढून घेतलं आणि त्या पानांवरच्या जाहिराती एकेक ओळीने कमी केल्या.