जागलीच्या टॉर्चसाठी १८६५० सेल: नोव्हेंबर ते मे

१४ नोव्हेंबर

हरभऱ्याचं पहिलं पाणी चालू आहे आणि आमच्या फीडरला या आठवड्यात लाईन रात्रीची. मोटर सुरू करायला साडेबाराला निघालो, बांधावर पोचेपर्यंत टॉर्च पिवळी पडली. पलीकडे टिपेश्वरचं जंगल. रोही आणि रानडुकरं तर रोजचीच, पण मागच्या वर्षी शेजारच्या धुऱ्यावर पट्टेवाल्या वाघाची पावलंही निघाली होती. अशा वेळी पिवळा उजेड नको.

दोष टॉर्चचा नव्हता, सेलचा होता. (आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. ‘बॅटरीची बॅटरी गेली’ असं म्हटलं की माय हसते. म्हणून इथे सेल तो सेल आणि टॉर्च ती टॉर्च.) सेल बाजारातून आणलेला, निळ्या वेष्टनाचा, वर ठसठशीत ‘९८०० एमएएच’, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा. दोनशे रुपयांत दोन.

१७ नोव्हेंबर

पांढरकवड्यात ओळखीच्या सोनाराकडे गेलो आणि म्हटलं, एवढा सेल तोलून द्या. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. चांगला १८६५० सेल ४५ ते ४९ ग्रॅमच्या दरम्यान असतो. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तर भरला ७८० एमएएच. या आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात, त्यामुळे ९८०० वाचलं तेव्हाच परत ठेवायला हवा होता. आकारही नावातच आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचा शून्य गोल आकाराचा. हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं आणि तरी फसलो.

२ डिसेंबर

ही नोंद लांबणार, कारण सगळा घोळ इथेच आहे.

सेल निवडताना माणूस आधी एमएएच बघतो. टाकीत पाणी किती हे त्याने कळतं, पण नळ किती मोठा हे नाही. नळ म्हणजे सेल सलग किती अँपिअर देऊ शकतो ते. या बाबतीत सगळ्यात जास्त मेहनत परदेशातल्या व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्यांनी केली आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद आहे, आणि मला ती ओढायचीही नाही. खर्रा सुटला तेच खूप. पण त्यांचा हिशोब कामाचा आहे. साध्या, सर्किट नसलेल्या व्हेपमध्ये ०.२ ओहमची कॉइल (तापणारी तार) घातली आणि सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला असला, तर ४.२ भागिले ०.२ म्हणजे २१ अँपिअर. तेही तोंडाजवळ. त्यामुळे कुठला सेल किती करंटला किती तापतो, हे त्यांना तपासावंच लागलं.

त्यांच्याकडून दोन गोष्टी उचलल्या. पहिली, वेष्टनावर ‘४० अँपिअर’ असं असेल तर तो बहुतेक क्षणभराचा आकडा असतो. आपल्याला सलग किती ते हवं. दुसरी, जो सेल जास्त अँपिअर देतो त्याची क्षमता सहसा कमी असते. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचचा, पण सलग २० अँपिअरचा. ३०क्यू ३००० चा आणि १५ अँपिअरचा. ३५ई जवळपास साडेतीन हजारांचा, पण ८ अँपिअरवर थांबतो. पॅनासॉनिकचा जुना एनसीआर १८६५०बी ३४०० च्या घरातला, त्याची मर्यादा पाचच्या आतच.

आता माझी टॉर्च. मागचं झाकण काढून जाड वायरने मल्टिमीटर मध्ये जोडला. फुल उजेडावर ५.८ अँपिअर, मधल्यावर १.५. म्हणजे २५ अँपिअरच्या सेलची मला गरजच नव्हती, आणि मी तोच मागवणार होतो. व्हेपवाल्यांचा सगळ्यात लाडका सेल तो आपलाही, असं समजायचं कारण नाही.

९ डिसेंबर

नागपूरला काम होतं, सीताबर्डीतून तीन सेल आणले: एक ३५ई, एक ३०क्यू आणि एक प्रोटेक्टेड एनसीआर १८६५०बी. बाबा म्हणाले, “तीन सेलाईले इतके पैसे? एका पोत्या खताचे पैसे गेले ना गा!” हिशोब त्यांचा चुकला नव्हता.

प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी छोटी सर्किटची चकती असते. ती जास्त करंट, जास्त चार्ज आणि जास्त डिस्चार्ज यांना तोडते. त्या चकतीमुळे सेल ६५ ऐवजी ६९ मिलिमीटरचा होतो. माझ्या टॉर्चमध्ये झाकण शेवटचा आटा सोडून बसलं. फुल उजेड लावला की तीन-चार सेकंदांत अंधार: ५.८ अँपिअर ओढला की चकती तोडते. मधल्या उजेडावर मात्र तो छान चालला. बाबांच्या जुन्या साध्या टॉर्चमध्ये तोच घातला, आता ती त्यांचीच.

३०क्यूची वेगळीच कटकट. त्याचं वरचं टोक सपाट आणि माझ्या टॉर्चच्या आत उलटा सेल लागू नये म्हणून प्लास्टिकची कडी आहे, त्यामुळे टेकतच नाही. मध्ये छोटं लोहचुंबक ठेवा असा सल्ला बरेच जण देतात. ठेवू नका. टॉर्च हातातून पडली आणि चुंबक सरकलं की ते कडेला टेकतं, आणि सेलचं कडेपासून बुडापर्यंतचं सगळं शरीर ऋण टोक आहे. वरती फक्त एक कागदी वायसर आणि पातळ वेष्टन, एवढाच आडोसा; तो फाटला की शॉर्ट. मी तो दुकानात परत देऊन बटण टोकाचा आणला.

२८ डिसेंबर

मधल्या उजेडावर ३०क्यू दोन तास, ३५ई सव्वादोनच्या जरा वर. फरक पंधरा-वीस मिनिटांचा. फुल उजेडावर मात्र ३५ईचा व्होल्टेज लवकर बसतो आणि उजेड डोळ्यांना कळेल इतका उतरतो. पाणी धरायला ३५ई, जागलीला ३०क्यू असं ठरवलं.

११ जानेवारी

चुलतभावाने त्याच्या दोन सेलच्या मोठ्या टॉर्चमध्ये एक माझा नवा आणि एक त्याचा जुना घातला. मला न विचारता. एकामागे एक जोडलेल्या सेलमध्ये अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्यातून करंट ढकलत राहतो. जुना सेल शून्याच्या खाली उलटा जाऊ शकतो. टॉर्च गरम लागली म्हणून त्याने नशिबाने बंद केली. आता दोन सेल लागतील तिथे मी एकाच दिवशी आणलेले, मार्करने ‘अ १’, ‘अ २’ लिहिलेले घालतो, आणि ते सोबतच चार्ज होतात.

त्याच आठवड्यात त्याचं दुसरं प्रकरण. सुटा सेल खिशात, त्याच खिशात चुन्याची पत्र्याची डबी. डबी दोन्ही टोकांना टेकली असती तर मांडी भाजली असती. सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हे सेल पॅक बनवणाऱ्यांसाठी काढतात, सुटे खिशात घालून फिरण्यासाठी नाही. त्याला प्लास्टिकची डबी दिली. “इतका कायले घाबरते बे?” म्हणाला, पण वापरतो.

फेब्रुवारी

तूर काढण्यात गेला. एकच नोंद: जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून सहा सेल काढले. दोन १.३ व्होल्टवर पडलेले. ते जिवंत करायचा मोह झाला, केला नाही. इतक्या खाली राहिलेल्या सेलच्या आत तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. उरलेले चार चार्ज करून महिनाभर ठेवले, एक आपोआप उतरला, तीन राहिले. ते माजघरातल्या दिव्याला.

३ मे

याच्याबद्दल कुठे फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर. या सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी तापमान साधारण शून्य ते ४५ अंश दिलेलं असतं. थंड देशातल्या माणसाची नजर शून्यावर जाते. माझी पंचेचाळीसवर गेली. काल दुपारी दोनला टिनाच्या खोलीत थर्मामीटरवर ४६ होते, आणि चार्जर स्वतः तापतो तो वेगळा.

एक ३०क्यू मी मार्चमध्ये फुल भरून गाडीच्या डिक्कीत टाकला, अडीअडचणीला असावा म्हणून. डिसेंबरात त्यात २९६० एमएएच मावत होते; आज २६१०. आतला रोध ३८ मिलिओहमवरून ६१ झाला. (चार्जरचा हा आकडा सेल कसा दाबून बसला त्यावर हलतो, म्हणून पाच वेळा काढून घालून मोजला.) उरलेले सगळे ३.७ व्होल्टवर ठेवून माजघरात कोनाड्यात होते, त्यांच्यात मोजण्यासारखा फरक नाही. पूर्ण भरलेला सेल आणि ऊन हे एकत्र आले की सेल म्हातारा होतो. नुसतं ऊन किंवा नुसता भरलेला त्याहून बरा.

आता चार्जिंग पहाटे चारला, ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर, अर्ध्या अँपिअरने. सहा तास लागतात, पण ऊन तापायच्या आत उरकतं. लाईनचा व्होल्टेज पहाटे बराही असतो. कूलरसमोर ठेवून पाहिलं होतं, पण ओल येते म्हणून सोडलं.

१९ मे

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी दोन हंगामांत बसली. पाठीवर तिचंच वजन अडीच किलोच्या जवळ. तिच्या जागी चार ३२६५० लोह-फॉस्फेट सेल एकामागे एक घालायचे ठरवतोय: प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे १२.८, क्षमता ६ अँपिअर-तास. तापून भडकण्याचा धोका या रसायनात बराच कमी आणि पंपाची मोटर तीन अँपिअरच्या आतच ओढते. सेल ३.६५ व्होल्टवर भरतात, म्हणून जुना चार्जर तसाच लावायचा नाही. चार सेलचा बीएमएस (सेलना जपणारं सर्किट) आणि १४.६ व्होल्टचा चार्जर मागवला आहे. सोनाराकडे या वेळी चारही सेल तोलायला नेईन म्हणतो, पण त्याचा काटा एवढं वजन घेतो का ते आधी विचारावं लागेल.