‘इट’ म्हणजे होडी की जाळे?

रत्नागिरीत मी गेली काही वर्षे संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. बँकांच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत वाक्यातली चूक ओळखण्याचे प्रश्न येतात, आणि त्यांत माझ्या मुलांचे गुण प्रामुख्याने दोन ठिकाणी जातात. सर्वनाम नेमके कोणासाठी आले आहे हे कळत नाही अशी वाक्ये हे पहिले ठिकाण, आणि भलत्याच दोन गोष्टींची तुलना झालेली वाक्ये हे दुसरे. नियम मुलांना पाठ असतात, तरीही उत्तर चुकते. माझे आता असे ठाम मत झाले आहे की ही वाक्ये आधी मराठीतून तपासायला शिकवले पाहिजे, कारण त्यांतली बरीचशी आपली भाषा आपोआप सोडवून देते, आणि उरलेल्यांत तीच आपल्याला फसवते.

जुलैतल्या एका संध्याकाळी पत्र्यांवर पावसाचा इतका आवाज होता की मी बोलणे थांबवून फळ्यावर लिहायला सुरुवात केली. वाक्य होते, ‘द बोट हिट द नेट अँड इट वॉज डॅमेज्ड’. यात चूक काय, असे विचारल्यावर वर्गात कोणालाच काही सांगता येईना. मग मी मिरकरवाडा या मासेमारी बंदराच्या भागातून येणाऱ्या एका मुलीला ते मराठीत सांगायला लावले. ती म्हणाली, “होडी जाळ्यावर आदळली आणि…” आणि तिथेच थांबली. थोड्या वेळाने तिने विचारले, “सर, तिचं नुकसान की त्याचं?” त्या वाक्यातला दोष तिने स्वतःच शोधून काढला होता. होडी स्त्रीलिंगी आणि जाळे नपुंसकलिंगी, त्यामुळे मराठीत बोलणाऱ्याला दोहोंतले एक निवडावेच लागते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगभेद नसल्यामुळे एकच ‘इट’ दोघांनाही चालते आणि वाचणारा अडकतो.

आदरार्थी बहुवचनाचाही असाच उपयोग होतो, आणि तो मुलांच्या क्वचितच लक्षात येतो. ‘फादर टोल्ड माय ब्रदर दॅट ही हॅड टू गो टू मुंबई’ हे वाक्य मराठीत आणताना ‘त्यांना जायचे आहे’ म्हटले तर बाबा जाणार, ‘त्याला जायचे आहे’ म्हटले तर दादा जाणार. घरात कोणाला ‘अरे’ आणि कोणाला ‘अहो’ म्हणायचे हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असल्यामुळे मूल इथे सहसा चुकत नाही. मात्र दोन्ही माणसे एकेरीतली असली की मराठीचेही बळ अपुरे पडते. ‘तांडेलाने खलाशाला सांगितले की त्याला लवकर निघायला हवे’ यातून निघणार कोण, होडीचा प्रमुख असलेला तांडेल की खलाशी, हे कळत नाही. परंतु प्रत्यक्ष बंदरावर असे कोणी बोलत नाही. तिथे ‘तांडेल खलाशाला म्हणाला, मला लवकर निघायला हवे’ असे तरी म्हणतात, किंवा ‘तुला लवकर निघायला हवे’ असे तरी. बोललेले शब्द जसेच्या तसे सांगण्याची आपली ही सवयच इथे उपयोगी पडते, कारण इंग्रजीतल्या अप्रत्यक्ष कथनात ‘मी’ आणि ‘तू’ हे दोघेही ‘ही’ होऊन जातात आणि प्रश्न काढणारे बहुतेक वेळा नेमक्या याच जागेवर बोट ठेवतात. म्हणून मी मुलांना सांगतो की ‘टोल्ड’ किंवा ‘सेड’ दिसले की ते वाक्य मनात अवतरणचिन्हांत घालून पाहा. ‘मी’ आणि ‘तू’ दोन्ही बसत असतील तर सर्वनाम संदिग्ध आहे आणि त्या जागी नाम लिहिल्याशिवाय ते सुटणार नाही.

मात्र एक गोष्ट मुलांच्या मनातून काढावी लागते. वाक्यात दोन नामे आहेत म्हणून सर्वनाम चूकच ठरते, असे नाही. एका उपवाक्याचा कर्ता आणि पुढच्या उपवाक्यातले कर्त्याच्या जागचे सर्वनाम यांचा मेळ अर्थाने बसत असेल, तर चांगला वाचक अडखळत नाही. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅट परीक्षेत वाक्यदुरुस्तीचा भाग होता तेव्हाही हा विवेक लागत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपातून तो भाग वगळला गेला आणि जुने स्वरूप ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, परंतु त्या काळातले सरावाचे प्रश्न आजही मुलांच्या हातात असतात. त्यांच्याकडे नियमांची यादी म्हणून न पाहता वाचनाचा सराव म्हणून पाहावे.

तुलनेच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबून चालत नाही. ‘द रेनफॉल ऑफ रत्नागिरी इज हेवियर दॅन पुणे’ हे वाक्य माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना बरोबर वाटते, कारण ‘रत्नागिरीचा पाऊस पुण्यापेक्षा जास्त’ असे आपण रोज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. तेव्हा माहिती खरी आहे, पण वाक्याने एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला अख्खे शहर ठेवले आहे. ‘तिचे केस माझ्यापेक्षा लांब आहेत’ यातही केसांची तुलना माणसाशीच झालेली असते. बोलण्यात हे चालते आणि चालावेही, परंतु परीक्षेतल्या इंग्रजीत चालत नाही.

यावरचा उपायही मराठीतच आहे. ‘पुण्यापेक्षा’ऐवजी ‘पुण्याच्यापेक्षा’ म्हणून पाहा. त्या ‘च्या’मध्ये न उच्चारलेला पाऊस असतो, आणि इंग्रजीत तेच काम ‘दॅट ऑफ’ करते. ‘रत्नागिरीचे आंबे कर्नाटकच्यांपेक्षा गोड’ म्हटले तर तो अनुस्वार अनेकवचन सांगतो, म्हणून इंग्रजीत ‘दोज ऑफ’ येते. केसांच्या वाक्यात ‘दॅन मी’च्या जागी ‘दॅन माइन’ लागते. ज्या ठिकाणी ‘च्या’ घालून वाक्य उभे राहते, त्या ठिकाणी इंग्रजीत काहीतरी लिहायचे राहिले आहे असे समजावे. ही एक खूण पक्की झाली की तुलनेचे बरेचसे प्रश्न मुले स्वतः सोडवतात.

‘एनी अदर’चा नियम त्यामानाने सोपा आहे. कळसूबाई महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिखरापेक्षा उंच म्हटले तर ते स्वतःपेक्षाही उंच ठरते, म्हणून तिथे ‘इतर’ हवे. गोव्यातल्या कोणत्याही शिखरापेक्षा म्हणताना ते नको. ‘व्हिच’चेही तसेच. ‘ट्रॉलर्स स्टे अशोअर फ्रॉम १ जून, व्हिच मेक्स फिश कॉस्टली’ यात मासळी महाग करणारी गोष्ट ट्रॉलर नाहीत आणि जूनही नाही, तर ट्रॉलर बंद असणे ही आहे, आणि ते सांगणारे नाम वाक्यात कुठेच नाही.

सगळ्यात अवघड वाक्य आम्हाला गेल्या आठवड्यात एका सरावसंचात सापडले. ‘शी हेल्प्स हर ब्रदर मोर दॅन हर मदर’. मराठीत ‘आईपेक्षा ती भावाला जास्त मदत करते’ म्हटले तरी गाठ सुटत नाही, कारण इथे मराठीही तितकीच संदिग्ध आहे. पर्यायांपैकी ‘ब’मध्ये ‘दॅन हर मदर डज’ होते आणि ‘ड’मध्ये ‘दॅन शी हेल्प्स हर मदर’. दोन्ही व्याकरणदृष्ट्या शुद्ध. उत्तरसूचीत ‘ब’ होते, कारण दिलेले नव्हते. मूळ वाक्यातून दोन्ही अर्थ निघत असताना एकच पर्याय बरोबर ठरवणे अन्यायाचे आहे असे मी वर्गात स्पष्ट सांगितले, आणि दोन्ही पर्यायांसमोर त्यांचा अर्थ मराठीत लिहायला लावला. मिरकरवाड्याच्या त्या मुलीने ‘ब’समोर ‘आई भावाला कमी मदत करते’ असे लिहिले आणि ‘ड’समोर ‘आईला कमी मदत मिळते’ असे. मग वही माझ्याकडे देताना ती हळूच म्हणाली, “सर, आमच्या घरात ड बरोबर आहे.”