आता सगळ्यांसोबतच जेवते

दिवाळीच्या आधी वावरात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या आधीची पूजा, केलं, दहीभात शिंपडला, पूजा झाली अन् तिसऱ्याच दिवशी मी कपाशीच्या तासात चक्कर येऊन पडले. कमरेला कापसाची ओटी बांधलेली होती म्हणून फार लागलं नाही. बाजूच्या काकू धावत आल्या अन् त्यांनी पहिलं हेच विचारलं, "सकाळी जेवली होती का वं?"

नव्हते जेवले.

पाचला उठायचं, झाडझूड, पाणी भरणं, दोन लेकरांचे डबे, सासूबाईंना शुगर आहे त्यांची भाकर वेळेवर पाहिजे, अन् ह्यांना मोटारीसाठी रात्रीची लाईन (वीज) असली की ते रात्रभर ओलित करून पहाटे थंडीत कुडकुडत येणार, त्यांना गरम चहा, मग नऊच्या आत वावरात. यात माझं जेवण म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते, तेही ओट्याजवळ उभ्यानं, नाहीतर नुसता चहा अन् टोस. मला कोणी उपाशी ठेवत नव्हतं हे आधी सांगते, घरात कोणीच वाईट नाही. माझी आईही अशीच मागून जेवायची, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही कधी.

आशाताई मला आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन निघालं ८.६. बाईला १२ तरी पाहिजे. मी ३६ वर्षांची आहे, जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोकं गरगरायचं, मला वाटे वेचणीचा थकवा आहे. २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागं ५४ जणींना रक्त कमी निघालं होतं, म्हणजे आमच्या वेचणीच्या टोळीत अर्ध्याहून जास्त बाया अशाच असतील, अन् आम्ही सगळ्या एकमेकींना नुसतं "लय थकली दिसतेस" म्हणतो अन् पुढं वेचत राहतो.

लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. मी त्या चहासोबतच घेत होते. चहानं लोह अंगी लागत नाही, मध्ये तास-दोन तास जाऊ द्यायचे, जेवणात लिंबू पिळायचं, हे मला आता कळलं. संडास काळी होते, त्यानं घाबरून गोळ्या बंद करू नका बायांनो.

पण गोळ्या सोप्या होत्या. कठीण गेलं ते सगळ्यांसोबत ताट घेऊन बसणं. पहिल्या रात्री खरंच हात कापत होते माझे, ह्यांना तव्यावरची गरम भाकर लागते, मी बसल्यावर वाढणार कोण? शेवटी सगळ्या भाकरी आधी करून फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या. हे दोन दिवस काही बोलले नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच पाण्याचा गडवा भरून आणला अन् बसले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या टाइमाले कोन इचारे वं माय, तू बस, जेव." मला रडूच आलं, चाळीस वर्षं त्या मागून जेवल्या असतील अन् त्यांना जेवली का म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच्या वावरात वेचायला गेलं की किलोवर पैसे, अर्धा तास जेवायला बसलं की तेवढा कापूस कमी भरतो, हे मला कळते. तरी बसते.

ह्यांचंही तसंच, रात्रीच्या लाईनीनं झोप नाही, वरून कापसाच्या भावाची काळजी, चिडचिड वाढली होती. आशाताईंनी त्यांच्या मोबाईलमध्ये १४४१६ नंबर सेव्ह करून दिला, टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा, फुकट आहे, मराठीत बोलता येते. ह्यांनी एकदा फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही, पण त्या दिवशी दुपारी शांत झोपले.

काल पुन्हा रक्त तपासलं, १०.४ आलं. गोळ्या अजून चालू आहेत, संक्रांतीनंतर परत बोलावलं आहे. काकूंनाही तेव्हा सोबत नेणार आहे, त्या म्हणतात मले काय झालं, मी ठणठणीत आहो. मी त्यांना सोडणार नाही.