जपानला कशाला गेलीस, असे तुम्ही विचारलेत म्हणून

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत, बँकेत काउंटरच्या पलीकडून, लग्नाच्या मांडवात मला एकच प्रश्न येतो: "काहून गेली वं जपानले? इथं लेझर होत नाही का?" आणि लगेच, जरा आवाज उतरवून, दुसरा: "डोळा तर अजून निळाच दिसते." दोन वर्षे मी विषय बदलत आले. आता एकदाच, नीट उत्तर देते.

होय, इथे लेझर होते. माझ्या डाव्या डोळ्याखाली जन्मापासून निळसर डाग आहे, डॉक्टर त्याला 'नेव्हस ऑफ ओटा' म्हणतात. त्यासाठी जे क्यू-स्विच्ड लेझर, म्हणजे क्षणभराच्या झोतांनी रंगद्रव्य फोडणारे यंत्र, जगभर वापरतात, ते नागपुरातही आहे आणि पहिली दोन सत्रे मी इथेच घेतली. दुसऱ्या सत्रानंतर गाल पूर्वीपेक्षा काळा पडला आणि आठ महिने तसाच राहिला. गव्हाळ त्वचेत लेझरनंतर असा काळेपणा येऊ शकतो आणि बहुधा तो ओसरतो, हे मला आज ठाऊक आहे, पण ते आधी कुणी सांगितले नाही, आणि त्या आठ महिन्यांत "नवऱ्याने मारलं का?" असे मला, लग्न न झालेल्या मुलीला, तीनदा विचारले गेले. माझा राग यंत्रावर नव्हता, त्या न सांगण्यावर होता.

मग जपानच का? या डागाला ज्यांचे नाव आहे, ते मासाओ ओटा तोक्योचे त्वचारोगतज्ज्ञ होते. १९३९ साली त्यांनी त्याचे वर्णन केले. ते कवीही होते, किनोशिता मोकुतारो या नावाने लिहीत. हे वाचल्यावर सत्तावीस वर्षांच्या मला वाटले की डागाला जिथे नाव मिळाले, तिथेच तो पुसताही येईल. हा वैद्यकीय विचार नव्हता, हे मी मान्य करते. शिवाय इथल्या एका वयस्क नेत्रतज्ज्ञांनी मला स्पष्ट सांगितले होते, की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या निळ्या ठिपक्यांना हात लावू नकोस, फक्त दरवर्षी डोळ्याचा दाब तपासून घे, कारण अशा डोळ्यात काचबिंदूची शक्यता अधिक असते. मी त्यांचे ऐकले नाही. त्या मुलीला आज मी विचारते, तुला उत्तर मिळाले होते, मग ते इतक्या दूर जाऊन पुन्हा का ऐकायचे होते? ती म्हणते, नकार कुठूनही आला तरी तो शेवटच्या दारातून आलेला हवा होता. यावर माझ्याकडे आजही प्रत्युत्तर नाही.

मे २०२३ मध्ये मी आणि आई दिल्लीमार्गे तोक्योला गेलो. डॉक्टर जपानीत बोलत, दुभाषी बाई ते इंग्रजीत सांगत आणि मी आईसाठी मराठीत. पांढऱ्या भागाचा विषय मी काढताच डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. हा प्रकाश रंगद्रव्य शोधत जातो, ते म्हणाले, आणि डोळ्याच्या आत पडद्यामागेही रंगद्रव्यच आहे. बाहुलीतून एक झोत आत गेला, तर दृष्टी जाईल. मी तीन प्रकारे तोच प्रश्न विचारला आणि त्यांनी तिन्ही वेळा न कंटाळता तेच उत्तर दिले. मी गप्प झाले, तेव्हा आई म्हणाली, "त्यांना विचार, हे कितव्या महिन्यात होतं?"

तिला काय विचारायचे होते, ते मला कळले होते. २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या दिवसांत, सकाळी सूर्यग्रहण होते. मी तेव्हा आईच्या पोटात होते. आईने त्या सकाळी मेथी चिरली, आणि मार्च १९९६ मध्ये मी असा डोळा घेऊन जन्मले. आजी आणि आत्या हे पुढे प्रत्येक सणाला बोलत राहिल्या. आईने कधी उलट उत्तर दिले नाही, आणि तिचा त्यावर विश्वास आहे की नाही, हे मीही तिला कधी विचारले नाही. त्या खोलीत मी तिला म्हणाले, "ते नको विचारूस." मला डॉक्टरांसमोर तिची लाज वाटली. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

ती थांबली नाही. "विचार तू," ती म्हणाली. मी ग्रहणाचा शब्द टाळून विचारले. डॉक्टर म्हणाले, नेमका दिवस सांगता येत नाही, पण रंग बनवणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडून निघून त्वचेकडे जातात, त्यांचा प्रवास अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच चालू होतो आणि काही पेशी वाटेत, खोल थरात राहून जातात. आईने काही केल्याने किंवा न केल्याने हे होत नाही. मी मराठीत सांगितले. आई बोटांची पेरे मोजू लागली: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. आश्विनावर अंगठा तसाच ठेवून ती म्हणाली, "म्हणजे ग्रहण नंतरचं." दुभाषी बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी ते भाषांतर केले नाही.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून पापणीखाली धातूचे कवच बसवले, अंधार झाला, रबर फटकारल्यासारखे चटके बसले. दुसऱ्या सत्रासाठी डिसेंबरमध्ये मी एकटी गेले. डोळ्याखालचा डाग बराच फिका झाला आणि पांढरा भाग होता तसाच आहे. बचत संपली. दाब दरवर्षी इथेच तपासते, त्याच वयस्क नेत्रतज्ज्ञांकडे.

आईच्या करण्या-न करण्याने हे होत नाही, हे डॉक्टरांचे एक वाक्य नागपुरातही मिळाले असते, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरे आहे. ओपीडीच्या रांगेतसुद्धा ते कुणी सांगितले असते. पण सत्तावीस वर्षांत आम्ही दोघींनी ते इथे कुणाला विचारले नव्हते, आणि बरोबर आत्या असताना आईने ते विचारले असते, असे मला वाटत नाही. एवढ्यासाठी लाखो रुपये घालवले का? तसे ठरवून गेले नव्हते, त्यामुळे होय म्हणताना अडखळते, आणि नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

गेल्या सप्टेंबरच्या सात तारखेला, २०२५ मध्ये, रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. वहिनीला सहावा महिना होता. संध्याकाळी ती कांदा चिरायला बसली, तेव्हा आईने तिच्या पुढची विळी काढून घेतली आणि कांदा स्वतः चिरला. मी ओट्यापाशीच उभी होते. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मला माहीत आहे. तरी." मी काही बोलले नाही.