बांगडा, तिरफळं आणि सेन्सेई

जपानमधल्या एका शाळेत मी 'सेन्सेई', म्हणजे शिक्षिका. जुलैअखेर शाळेला सुट्टी लागली की मी देवगड गाठते. पडवीत बॅग टेकते न टेकते तोच आजीचा प्रश्न, "थंयची पोरां सांगलेला आयकतत मां गो?"

ऐकतात. पांढऱ्या टोप्या घालून जेवण स्वतःच वाढतात, हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात (आपलं 'वदनी कवळ घेता'च म्हणा ना), मग फडकी घेऊन वर्ग पुसतात. हे आजीला पटत नाही. "मगे शिपाय काय करता?"

माझी पहिल्या दिवसाची फजिती मात्र तिला तोंडपाठ. उभा जन्म खळ्यात चपला काढण्यात गेला, आणि तिथे मी बाहेरच्या बुटांनिशी थेट वर्गात! दुसरीतली एक चिमुरडी माझ्या पायांकडे बघत राहिली. मग गेली आणि सपाता घेऊन आली. माझ्याकडे टाचा करून ठेवल्या, पाय सरळ सरकतील अशा. एक शब्द बोलली नाही.

बांगडा तिकडेही मिळतो. मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेला मुळा. बरा लागतो, पण तिरफळं घातलेला आपला बांगड्याचा झणझणीत तिखला तो तिखला. तिकडे वाममाशावर सान्शोची पूड भुरभुरतात. जिभेला झिणझिण्या आल्या आणि मी चमकलेच. ही तर तिरफळाची चुलतबहीण!

आजीचं उत्तर तयार, "मगे थंय तिखलो कित्याक करणंस नाय?"